पहिला नंबर कुणाचा?

याद्या करण्याचा छंद माणसाला केव्हापासून जडला कोण जाणे! घरी पाहुणा आला की मुलाचे नाव विचारण्याआधी तो वर्गातला नंबर विचारतो. आमच्या वसतिगृहातही गेल्या पावसाळ्यात असाच एक नंबरांचा वाद पेटला आणि तो मेसमधल्या आमटीपेक्षा बराच गरम निघाला. वाद होता मोटारींच्या शर्यतींचा. ब्रिटनने आजवर जे शर्यतपटू दिले त्यांत पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण? वाद घालणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी चारचाकी नाही, ही गोष्ट अलाहिदा.

ब्रिटनच का, असे कुणी विचारील. त्याला कारण आहे. जागतिक अजिंक्यपदाची फॉर्म्युला वन स्पर्धा १९५० साली सुरू झाली ती त्यांच्याच सिल्व्हरस्टोन येथे, एका जुन्या लष्करी विमानतळावर. आणि त्यानंतर ब्रिटनने जितके जगज्जेते दिले तितके दुसऱ्या कोणत्याही देशाने दिलेले नाहीत. म्हणजे निवड करायला माल भरपूर! त्यात आणखी एक गंमत अशी की ज्या दोघांवरून आमचा वाद सर्वांत रंगला ते जिम क्लार्क आणि जॅकी स्टुअर्ट हे इंग्रज नव्हेतच, स्कॉटिश आहेत. आपण मात्र साहेब तेवढा इंग्रज, असे सरसकट धरून चालतो.

माझ्या खोलीतला मित्र हॅमिल्टनचा कट्टर भक्त. त्याचा युक्तिवाद एका वाक्यात संपतो. "अरे, सात विजेतेपदे! विषय संपला." लुइस हॅमिल्टनने २००८, २०१४, २०१५ आणि मग २०१७ ते २०२० अशी सलग चार वर्षे हे पद मिळवले. जर्मनीचा शूमाखर सोडला तर सातापर्यंत दुसरा कुणीही पोचलेला नाही. २०२४ च्या अखेरीस हॅमिल्टनच्या नावावर १०५ विजय होते. आकडे असे असल्यावर वाद घालणारा वेडाच ठरायचा, आणि मी काही दिवस तसा ठरलोही.

परंतु मला सुचेना ते आमच्या तर्कशास्त्राच्या सरांना सहज सुचले. व्हरांड्यात उभे राहून आमची बाचाबाची ऐकत होते; हसून म्हणाले, "तुम्ही 'यशस्वी' आणि 'श्रेष्ठ' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरता आहात. आधी ते वेगळे करा, मग भांडा." सर निघून गेले. आम्ही भांडत राहिलो. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून जे चक्र फिरू लागले त्याचा हा निष्कर्ष वाचकांपुढे ठेवत आहे.

माझे म्हणणे एवढेच, की विजेतेपदे मोजून चालकांचा क्रम लावताच येत नाही. कारण त्या मोजणीत चालकाबरोबर त्याची मोटारही मोजली जाते, त्याला किती शर्यती मिळाल्या तेही मोजले जाते, आणि, हे आम्ही सगळेच विसरलो होतो, तो किती वर्षे जिवंत राहिला तेही मोजले जाते.

मोटारीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. शर्यतींची घ्या. १९६३ साली अजिंक्यपदाच्या शर्यती होत्या दहा. २०२४ साली होत्या चोवीस. क्लार्क आयुष्यभरात ७२ शर्यती धावला, स्टर्लिंग मॉस ६६, स्टुअर्ट ९९. हॅमिल्टनने २०२४ अखेर साडेतीनशेचा आकडा ओलांडला होता. क्लार्कच्या ७२ पैकी २५ विजय. म्हणजे जवळजवळ तीन शर्यतींत एक. ही सरासरी हॅमिल्टनपेक्षाही किंचित सरस भरते. पण सरासरीच्या नादीही फार लागू नये. तीही पुन्हा मोटारीचीच सावली. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने क्लार्कला ज्या मोटारी दिल्या त्या बहुतेक वेळा मैदानात सर्वांत वेगवान असत, हे क्लार्कच्या चाहत्यांनी प्रामाणिकपणे कबूल करावे. मी करतो. वेगवान आणि नाजूक! १९६२ आणि १९६४ या दोन्ही वर्षी विजेतेपद अगदी शेवटच्या शर्यतीत त्याच्या हातून गेले ते तेल गळल्यामुळे. ती दोन धरली असती तर त्याची दोनाची चार झाली असती. 'असती' या शब्दावर मात्र यादीत गुण मिळत नाहीत.

मग मोजायचे काय? मी असे ठरवले की मोटार जेव्हा साथ देत नव्हती, किंवा निसर्ग साथ देत नव्हता, त्या दिवशी माणसाने काय केले ते पाहायचे.

या कसोटीवर पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतो तो मॉस. याने अजिंक्यपद एकदाही मिळवले नाही. १९५५ ते १९५८ सलग चार वर्षे दुसरा, आणि त्यानंतरची तीन वर्षे तिसरा. आमच्या मित्राच्या हिशेबाने हा माणूस यादीतच बसत नाही. पण १९६१ ची मोनॅकोची शर्यत पाहा. फेरारीच्या तीन नव्या मोटारी, त्यांची इंजिने मॉसच्या इंजिनापेक्षा कितीतरी जोरकस. मॉसकडे रॉब वॉकर या खासगी मालकाची, आदल्या वर्षीची लोटस. अरुंद रस्ते, शंभर फेऱ्या. उकाड्यामुळे त्याने मोटारीच्या बाजूचे पत्रेच काढून ठेवले होते, त्यामुळे आत बसलेला अख्खा माणूस लोकांना दिसत होता. फेरारी मागे लागलेल्या, आणि हा पठ्ठ्या पुढे. शेवटी जिंकला तो साडेतीन सेकंदांच्या आसपास अंतराने. १९५५ साली इटलीच्या मिल्ले मिल्या शर्यतीत तर याने ब्रेशापासून रोमपर्यंत आणि परत असा सुमारे हजार मैलांचा साधा सार्वजनिक रस्ता दहा तास आणि आठ मिनिटांच्या आत कापला. शेजारी बसलेला डेनिस जेनकिन्सन हा पत्रकार, कागदाच्या गुंडाळीवर आधीच टिपून ठेवलेली वळणे बघून हाताच्या खुणांनी त्याला पुढचा रस्ता सांगत होता. ताशी सरासरी दीडशे किलोमीटरहून अधिक, घाट आणि गावे धरून!

आणि १९५८. हे प्रकरण मला सविस्तर सांगितलेच पाहिजे, कारण वसतिगृहातला वाद खरा पेटला तो याच्यावरून. त्या वर्षी मॉस आणि माइक हॉथॉर्न यांच्यात चुरस होती. ऑगस्टमध्ये पोर्तुगालला पोर्टो शहरात शर्यत झाली, ती मॉसने जिंकली; हॉथॉर्न दुसरा आला. पण शेवटच्या फेरीत हॉथॉर्नची मोटार गिरकी खाऊन बंद पडली होती, आणि ती चालू करण्यासाठी त्याने ती उतारावरून शर्यतीच्या उलट दिशेने नेली होती. नियमाप्रमाणे तो बाद व्हायचा. मॉस त्याच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. हॉथॉर्न उलटा गेला खरा, पण रस्त्यावरून नव्हे, पदपथावरून गेला, असे त्याने पंचांना सांगितले. हॉथॉर्नचे गुण कायम राहिले: दुसऱ्या क्रमांकाचे सहा आणि सर्वांत वेगवान फेरीचा एक. ऑक्टोबरात मोरोक्कोला शेवटची शर्यत मॉसने जिंकली, तरी वर्षाची बेरीज झाली हॉथॉर्न ४२, मॉस ४१. मॉसच्या त्या वर्षातल्या जिंकलेल्या शर्यती चार; हॉथॉर्नची एक. ब्रिटनचा पहिला जगज्जेता ठरला तो हॉथॉर्न.

मित्र म्हणाला, "हा भाबडेपणा झाला. सचोटीचे गुण वेगळे, गाडी चालवण्याचे वेगळे." मला राग आला, पण नंतर विचार केला तेव्हा पटले, की तो बरोबर बोलतो आहे. सचोटीसाठी मॉसला वरचा नंबर देणे म्हणजे सज्जनपणाबद्दल गणितात पाच गुण वाढवून देण्यासारखे. मी तसे करीत नाही. परंतु मग त्याच न्यायाने, सचोटीमुळे गेलेला एक गुण मॉसच्या चालवण्याच्या खात्यातून वजा तरी का करायचा? विजेतेपद हीच कसोटी धरणारे नेमके तेच करतात. एवढे म्हटल्यावर मित्राने चहा मागवला, यावरून काय ते समजावे.

मोरोक्कोच्या त्याच शर्यतीत मॉसचा सहकारी स्टुअर्ट लुइस-इव्हान्स भाजला आणि सहा दिवसांनी वारला. हॉथॉर्नचा जिवलग मित्र पीटर कॉलिन्स त्याआधी ऑगस्टमध्येच जर्मनीत गेला होता. स्वतः हॉथॉर्न शर्यतींतून निवृत्त झाला आणि जानेवारी १९५९ मध्ये साध्या रस्त्यावरच्या अपघातात ठार झाला. मॉसचेही १९६२ साली गुडवुडच्या मैदानावर डोके फुटले. महिनाभर शुद्ध नव्हती. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा मोटार चालवून पाहिली आणि पूर्वीची एकाग्रता राहिली नाही असे स्वतःच ठरवून थांबला. वय होते तेहतीस. त्यापुढच्या ज्या शर्यती तो धावलाच नाही, त्या आकड्यांच्या कोष्टकात कुठल्या रकान्यात दाखवायच्या?

क्लार्ककडे वळू. हा शेतकऱ्याचा मुलगा. मेंढ्या आणि शेती सांभाळणारा, लाजाळू, नखे खाणारा. चिर्नसाइड गावी त्याच्या थडग्यावर आधी 'शेतकरी' असे लिहिले आहे आणि मग जगज्जेता. बेल्जियममधल्या स्पाच्या मैदानाचा त्याला मनापासून तिटकारा होता. आपली जेमतेम दुसरी मोठी शर्यत तो १९६० साली तिथे धावला, आणि त्याच शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो व अ‍ॅलन स्टेसी हे दोन तरुण मरण पावले. स्टेसी तर त्याच्याच संघातला. असे असूनही १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षे स्पाची शर्यत याने जिंकली, आणि १९६३ साली पावसात जिंकली ती जवळजवळ पाच मिनिटांच्या फरकाने! जी जागा नकोशी वाटते तिथे चार वेळा पहिले यायचे, याला काय म्हणावे ते मला कळत नाही.

तरी माझ्या मते त्याची खरी शर्यत म्हणजे १९६७ ची मॉन्झाची, जी तो जिंकला नाही. चाक पंक्चर झाले, दुरुस्तीत पूर्ण एक फेरी गेली. मॉन्झा म्हणजे सरळ, सुसाट मैदान. तिथे एक फेरी भरून काढणे अशक्यच मानले जाई. याने ती भरून काढली, एकेकाला मागे टाकून पुन्हा पहिला झाला, आणि अखेरच्या फेरीत इंजिनाला पेट्रोल पोचेना. तिसरा आला. तक्त्यात त्या दिवशी 'तिसरा' एवढीच नोंद आहे. १९६५ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला दोनशेपैकी १९० फेऱ्या तो आघाडीवर होता, हे आपले जाता जाता. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीत हॉकेनहाइमला, तुलनेने दुय्यम अशा फॉर्म्युला टूच्या शर्यतीत, त्याची मोटार रस्ता सोडून झाडांवर आदळली. रस्ता आणि झाडे यांच्यामध्ये कठडा नव्हता. क्लार्क बत्तीस वर्षांचा होता.

इथे स्टुअर्टची गोष्ट येते. १९६६ साली स्पाला पहिल्याच फेरीत पावसात त्याची मोटार घसरून कोसळली. तो आत अडकलेला, अंगावर पेट्रोल गळते आहे, मदतीला कुणी नाही. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँडुरंट या दोन प्रतिस्पर्ध्यांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला, स्टीअरिंग सोडवले आणि त्याला बाहेर काढले. यात पंचवीसेक मिनिटे गेली. त्यानंतर स्टुअर्टने स्टीअरिंगजवळ पाना चिकटवून ठेवण्यास सुरुवात केली, आणि दुसरे म्हणजे भांडण सुरू केले. कठडे हवेत, पट्टे हवेत, मैदानावर धड डॉक्टर हवा. लोक त्याला भित्रा म्हणाले. या भित्र्याने १९६८ साली न्यूरबुर्गरिंगच्या सुमारे तेवीस किलोमीटरच्या फेरीवर, धुके आणि पाऊस असताना, मनगटाचे हाड मोडलेले असताना, चार मिनिटांच्या फरकाने शर्यत जिंकली! १९६९, १९७१ आणि १९७३ अशी तीन अजिंक्यपदे; सत्तावीस विजयांचा त्याचा विक्रम १९८७ पर्यंत टिकला. शंभरावी शर्यत तो धावलाच नाही. आदल्या दिवशी सरावात त्याचा सहकारी फ्रांस्वा सव्हेर ठार झाला, आणि स्टुअर्ट तिथूनच निवृत्त झाला.

आता हॅमिल्टन. त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. २००८ साली सिल्व्हरस्टोनच्या पावसात तो ६८ सेकंदांनी जिंकला. २००७ साली पहिल्याच वर्षी, एकाच बनावटीच्या मोटारीत, दोनदा जगज्जेता झालेल्या आलोन्सोशी त्याने गुणांत बरोबरी साधली. मोटारीचा भाग वजा करायचा तर यापेक्षा चांगला पुरावा नाही. मात्र २०१६ साली त्याच न्यायाने सहकारी रोझबर्ग त्याच्या पाच गुणांनी पुढे गेला, हेही लिहिले पाहिजे. २०२१ साली मॉन्झालाच व्हरस्टॅपनची मोटार त्याच्या मोटारीवर चढली आणि चाक डोक्याला लागले. २०१८ पासून सक्तीची झालेली डोक्यावरची धातूची कमान नसती तर काय झाले असते, ते सांगायला नको. हॅमिल्टन पुढच्या शर्यतीला हजर होता, आणि जिंकला. त्याचे आकडे त्याचेच आहेत. पण ते साठू शकले ते ज्या सुरक्षिततेमुळे, तिच्यासाठी स्टुअर्टने शिव्या खाल्ल्या होत्या.

तेव्हा माझी यादी अशी: पहिला क्लार्क, दुसरा मॉस, तिसरा हॅमिल्टन, चौथा स्टुअर्ट. मॉस आणि हॅमिल्टन यांच्या जागा मी तीन वेळा अदलाबदल केल्या, हे लपवत नाही. स्टुअर्टला भांडणाचे गुण दिलेले नाहीत. सचोटीचे नाहीत तर भांडणाचेही नाहीत. हॉथॉर्न पहिला जगज्जेता असूनही पहिल्या पाचांत नाही. मॅन्सेलचे एकतीस विजय आणि १९९२ चे अजिंक्यपद मोठे, पण त्या वर्षीची विल्यम्स मोटार फारच पुढची होती. ग्रॅहम हिल दोनदा जगज्जेता, मोनॅको पाचदा, शिवाय इंडियानापोलिस आणि ल माँ. तरी पाचव्या जागेवर मी जॉन सर्टीझ लिहिले आहे. मोटारसायकल आणि मोटार या दोन्हींत जगज्जेता झालेला तो एकटाच. मोटारसायकलचे गुण मोटारीच्या यादीत धरावेत की नाही, यावर आमच्या खोलीत अद्याप एकमत नाही. मित्राने त्या जागेवर पेन्सिलीने बटन लिहून ठेवले आहे.