काडतुसाची निवड आणि शेताची राखण

शिकारीसाठी मध्यम कॅलिबरचे कोणते काडतूस सर्वांत चांगले, या प्रश्नावर युरोप-अमेरिकेतील शिकारी शंभर वर्षे वाद घालीत आले आहेत. कोणी जर्मनीतून आलेल्या ७ बाय ५७ माउझरचा अभिमानी, कोणी १९०६ साली अमेरिकन सेनेने स्वीकारलेल्या ‘थर्टी-ऑट-सिक्स’चा, कोणी १९२५ च्या २७० विंचेस्टरचा, तर कोणी १९५२ च्या ३०८ विंचेस्टरचा. तिकडे हा वाद बहुतांशी आवडीनिवडीचा असतो. आपल्याकडे मात्र तो आवडीचा प्रश्न फारसा कधी नव्हताच. येथे काडतुसाची निवड केली ती कायद्याने, सरकारी कारखान्याने आणि राज्यकर्त्यांच्या भीतीने. त्या निवडीची किंमत आज रानडुकरांपासून पीक राखणारा शेतकरी मोजीत आहे.

मानखुर्दसारख्या उपनगरातील वाचकाला हा विषय दूरच्या रानातला वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो तसा नाही. मानखुर्दवरून खाडीपूल ओलांडून पनवेलकडे जाणारा रस्ता हाच मुंबईतील असंख्य नोकरदारांचा कोकणातील घराकडे जाण्याचा रस्ता आहे. पगार मुंबईचा आणि भातखाचरे गावची, असा दुहेरी संसार करणाऱ्या कुटुंबांना रानडुकरांच्या कळपाने एका रात्रीत उभे पीक लोळविल्याची वार्ता नवी नाही. विदर्भात हाच उपद्रव रानडुकरांबरोबर रोह्यांचाही आहे. ‘आता शेती परवडत नाही’ असे गावाकडून कळविले जाते, तेव्हा त्यामागे पावसाइतकाच या जनावरांचाही वाटा असतो.

येथील बंदुकीचा इतिहास पाहिला म्हणजे आजची अडचण नीट उमगते. १८५७ च्या उठावाची आठवण बाळगणाऱ्या ब्रिटिश सरकारने १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यारांवर कडक नियंत्रण आणले. सैन्याची काडतुसे बंडखोरांच्या हाती लागू नयेत, म्हणून लष्करी कॅलिबरच्या रायफली खासगी व्यक्तींना वर्ज्य ठरल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ४५० बोअरच्या रायफलींवर हिंदुस्थानात बंदी आली, तेव्हा इंग्लंडमधील बंदूक-कारखानदारांना या देशातील शिकाऱ्यांसाठी ४७० सारखी नवी काडतुसे काढावी लागली. कुमाऊँच्या नरभक्षक वाघांमुळे प्रसिद्धी पावलेल्या जिम कॉर्बेटची २७५ रिग्बी ही तर मूळच्या ७ मिलिमीटर माउझर काडतुसाचीच रायफल. केवळ नाव विलायती. ३०३ ही साम्राज्याच्या सेनेची रायफल, म्हणून ती नागरिकाला निषिद्ध. तिच्या जागी आली ती ३१५. हे मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सेनेचे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे, आठ मिलिमीटर काडतूस. ते ब्रिटिश सेनेचे नव्हते, एवढाच त्याचा सर्वांत मोठा गुण ठरला.

स्वातंत्र्यानंतर राज्य बदलले, परंतु निवडीचे तत्त्व बदलले नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालील नियम यांनी ३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस चालवू शकणारी रायफल प्रतिबंधित वर्गातच ठेवली. जी ३०३ नागरिकाला नाकारली गेली, तीच २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती होती आणि अतिरेक्यांच्या स्वयंचलित बंदुकांपुढे ती किती अपुरी पडली हे मुंबईने पाहिले. १८६९ साली स्थापन झालेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याने ३१५ ची काडतुसे बनविली आणि सरकारी कारखान्यांनीच तिच्या रायफली बनविल्या. अलीकडे ‘थर्टी-ऑट-सिक्स’ची देशी रायफलही परवानाधारकांना उपलब्ध झाली आहे. म्हणजे निवडीला आता थोडा वाव आहे. पण ती निवड करणार कोण, हा प्रश्न उरतोच.

याचे कारण शिकारीच्या कायद्यात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपविले. ते योग्यच झाले. मात्र त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाने एक दार उघडे ठेवले आहे. मानवी जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोका निर्माण झाल्यास ठरावीक जनावरे मारण्याची लेखी परवानगी अधिकृत वनाधिकारी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आलेले रानडुक्कर या तरतुदीखाली येते. महाराष्ट्र शासनानेही २०१५ साली रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत शेतकऱ्यांना अशी परवानगी देण्याचे धोरण आखले.

आता दुसरा कायदा पाहावा. पीकसंरक्षणासाठी परवाना मागणाऱ्या शेतकऱ्याला शस्त्र कायद्याचे तेरावे कलम प्राधान्याने देते ती ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. रायफलीचा त्यात उल्लेख नाही. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू आणि छर्रे भरावयाचे, गजाने ठासावयाचे आणि एकच बार काढावयाचा. पाखरे उडविण्यास आणि माकडे हुसकावण्यास ती पुरे पडते. रानडुकराच्या खांद्यावरची जाड कातडी आणि चरबी भेदून हृदयापर्यंत पोहोचणे हे तिचे काम नव्हे. परिणामी जनावर जखमी होते, रानात शिरते, दोन-चार दिवस तडफडून मरते किंवा पिसाळून माणसावर चालून येते. एका कायद्याने मारण्याची परवानगी द्यावी आणि दुसऱ्याने नीट मारता येणार नाही असे हत्यार हाती ठेवावे, ही विसंगती आहे. त्यात निवडणुका भातकापणीच्या सुमारास आल्या, की आचारसंहितेपायी अनेकांना आपल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. २०१९ ची विधानसभा निवडणूक ऑक्टोबरात आणि २०२४ ची नोव्हेंबरात झाली. रानडुकरांना आचारसंहिता लागू नसते.

हताश शेतकरी मग दुसरी हत्यारे शोधतो. कुंपणाच्या तारेत वीज सोडली जाते. आमिषात गावठी बॉम्ब लपविला जातो. तार रानडुक्कर आणि वाघ यांच्यात भेद करीत नाही. शेजारच्या शेतकऱ्यात आणि स्वतःच्या मुलातही करीत नाही. विदर्भात अशा तारांनी वाघांचे बळी घेतले आहेत आणि माणसांचेही. तात्पर्य, योग्य काडतूस नाकारल्याने हिंसा टळत नाही. ती अधिक क्रूर आणि अधिक आंधळी होते.

योग्य काडतूस कोणते, याचे उत्तरही येथील भूमीवरूनच ठरले पाहिजे. ‘थर्टी-ऑट-सिक्स’ची गोळी वेगवान, तिचा मार्ग सरळ आणि पल्ला मोठा, मोकळ्या माळावर तो गुण आहे. पण कोकणात वाडीला वाडी लागलेली, पायवाटेवर केव्हाही माणूस येणारा. तेथे चुकलेली गोळी कोठवर जाईल, हा पहिला विचार असावा लागतो. म्हणून जुनी ३१५ येथे अगदीच टाकाऊ नाही. तिची गोळी जड आणि तुलनेने मंद आहे. शंभर यार्डांच्या आत, मऊ टोकाच्या गोळीने, नेम खांद्यामागे धरला तर रानडुकरासाठी ती पुरेशी आहे. अर्थात मंद गोळीही चुकली तर दूर जातेच. म्हणून बार माचाणावरून खालच्या दिशेने काढावा, म्हणजे गोळी पुढे जमिनीत जिरते. काडतुसाइतकेच महत्त्व या शिस्तीला आहे, आणि ती शिस्त परवान्याबरोबर आपोआप येत नाही.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. खेडोपाडी रायफली वाटल्या, तर रानडुकराच्या नावाखाली सांबर-भेकरे पडतील, मांसाचा चोरटा व्यापार वाढेल आणि गावातल्या भांडणांना नवे हत्यार मिळेल, ही भीती खोटी नाही. पण तिचे उत्तर ठासणीची बंदूक हे नव्हे. केरळने २०२२ साली उपद्रवी रानडुकरांबाबतचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपविले आणि परवानाधारक नेमबाजांकडून काम करवून घेण्याची वाट धरली. उलट २०१६ साली बिहारात मोकामा परिसरात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले, तेव्हा दिल्लीत पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी यांच्यात जाहीर खडाजंगी झाली. एका मोहिमेने गवगवा होतो, व्यवस्था उभी राहत नाही, हा त्यातला धडा आहे.

महाराष्ट्रातील उपद्रवग्रस्त तालुक्यांत मोजक्या रायफली वनखात्याच्या ताब्यात असाव्यात. त्या गावातील निवडक, परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेल्या नेमबाजांनाच परवानगीच्या रात्रीपुरत्या द्याव्यात आणि प्रत्येक काडतुसाची रिकामी पुंगळी परत मोजून घ्यावी. रायफली सरकारच्याच असल्याने निवडणुकीच्या काळात ही व्यवस्था बंद पडण्याचे कारण उरत नाही. मारलेल्या प्रत्येक जनावराचा पंचनामा व्हावा आणि पिकाची भरपाई वेळेवर मिळावी, म्हणजे बंदुकीकडे वळण्याची गरजच कमी होईल.

परदेशी शिकारी आपले आवडते काडतूस हौसेने निवडतो. येथील शेतकऱ्याला ती हौस नको आहे. जनावर मारावेच लागले तर ते एका बारात, तडफडू न देता आणि कोणाचा जीव धोक्यात न घालता मारले जावे, एवढेच त्याला हवे आहे. ती जबाबदारी शासनाने स्वतःच्या शिरावर घेतली नाही, तर निवड होतच राहील. फक्त ती काडतुसाची नसून विजेच्या तारेची असेल.