स्टुलाने कोणाचे गिऱ्हाईक गेले?



‘खुर्ची दिली की विक्रेते सुस्तावतात’ हे एका दुकानदार वाचकाचे पत्र वाचले. मी कापडाच्या दुकानात काउंटरमागे २१ वर्षे उभी राहिले, तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क मलाही आहे.

गिऱ्हाइकासमोर बसणे म्हणे अपमान! पूर्वी विक्रेता गादीवर मांडी घालूनच लुगडी उलगडून दाखवायचा आणि गिऱ्हाईकही समोर बैठक मारायचे. तेव्हा कोणाचा अपमान झाल्याचे ऐकिवात नाही.

‘दिवसभर चालणारे पोस्टमन तक्रार करतात का?’ हा त्यांचा सवाल तर मुळातच चुकतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. एका जागी उभे राहिले की ते काम मंदावते, रक्त पायांत साचते, घोटे सुजतात, पुढे शिरा फुगून निळ्या दिसू लागतात. माझ्या डाव्या पायावर त्या आजही आहेत. मालकांची नजर चुकवून आम्ही गठ्ठ्यांआड दोन मिनिटे टेकायचो, तेही चोरट्यासारखे.

हे लाड नवे नाहीत. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय १९४८च्या कारखाने अधिनियमातच, कलम ४४मध्ये होती. दुकानांसाठी केरळने २०१८मध्ये आणि तमिळनाडूने २०२१मध्ये कायदा दुरुस्त केला. केरळात त्यासाठी कापडदुकानांतल्या बायकाच लढल्या. तिथली साडीविक्री काही बंद पडलेली नाही.

मागणे दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेत टेकायला एका स्टुलाचे आहे. दिवाळीच्या गर्दीत तसेही बसायला फुरसत कोणाला असते?

– एक निवृत्त विक्रेती, पुणे