जुना ऑइल फिल्टर फेकू नका, कापून बघा

भूम, परांडा, वाशी भागातल्या गाडीवाल्यांना आणि ट्रॅक्टरवाल्यांना एक सांगणं आहे. पुढच्या वेळी ऑइल बदलाल तेव्हा काढलेला फिल्टर गॅरेजच्या कोपऱ्यातल्या ढिगात जाऊ देऊ नका. मागून घ्या आणि कापून बघा. इंजिन न खोलता त्याच्या पोटात काय चाललंय, हे कळायला याहून स्वस्त उपाय नाही.

आपल्याकडच्या गाड्यांना काम भरपूर. पहाटे दूध-खव्याची वाहतूक, दिवसभर शेतरस्ते, बालाघाटाचे चढउतार आणि उन्हाळ्यात फुफाटा. एअर फिल्टर जरा सैल बसला तरी हीच धूळ आत शिरते आणि पिस्टन-लायनर घासत राहते. घासून निघालेला कीस ऑइलबरोबर फिरतो आणि ऑइल फिल्टरच्या कागदात अडकतो. खवा भट्टीवाला दूध गाळल्यावर फडकं निरखतो, तसा हा कागद निरखायचा.

आधी फिल्टर निथळू द्या. बुडाला खिळ्याने भोक पाडून रात्रभर डब्यावर ठेवा. कापायला ग्राइंडर अजिबात नको: ठिणगी आणि ऑइल यांचं जमत नाही, शिवाय पत्र्याचा कीस आत पडला तर तोच इंजिनचा वाटून उगाच घाबराल. हॅक्सॉचंही तेच. तोंडाशी जिथे पत्रा मुडपलेला असतो, ती कड कानशीने घासा, कीस फडक्याने स्वच्छ पुसा आणि मगच डबा उघडा. मेस्त्रीकडे फिल्टर कटर असेल तर उत्तमच. हातमोजे घाला, पत्र्याची धार वाईट असते आणि जळकं ऑइल कातडीला चांगलं नाही. काही नव्या गाड्यांत नुसता कागदी फिल्टर असतो, तिथे डबा कापायचं कामच नाही.

आत मधोमध छिद्रांची नळी, तिच्याभोवती घड्या घातलेला कागद, तोंडाशी रबराची चकती आणि एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह दिसेल. रबराची चकती गाडी बंद असताना ऑइल परत चेंबरमध्ये उतरू देत नाही. ती कडक झाली, तर सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन क्षणभर कोरडं फिरून खडखडतं. व्हॉल्व्हचं काम निराळं. कागद तुंबला की तो उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे सोडतो, कारण ऑइलच न मिळण्यापेक्षा घाण ऑइल परवडलं. म्हणजे फिल्टर वेळेवर बदलला नाही तरी गाडी मुकाट चालत राहते, आणि आत बेअरिंग खराब होत जातात.

आता कागद ब्लेडने कापा, पकडीत दाबून ऑइल काढा आणि उन्हात पसरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक वरून फिरवा. चिकटला तो लोखंडाचा कीस. पिवळसर-तांबूस चमक दिसली तर संशय बेअरिंग-बुशवर. पांढरी चमक चुंबकाला चिकटत नसेल तर ती ॲल्युमिनियमची, बहुधा पिस्टनची, किंवा बेअरिंगच्या वरच्या थराची. दुधाळ चिकटा असेल तर ऑइलमध्ये पाणी जातंय का ते बघा. गॅस्केट-पेस्टचे तुकडे सापडले, तर मागच्या कामात कुणीतरी पेस्ट सढळ हाताने लावलेली आहे.

मात्र लगेच घाबरू नका. डिझेलचं ऑइल काजळीने लवकर काळं होतंच. नव्या किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनच्या पहिल्या फिल्टरात थोडी बारीक चमक असतेच. नखाने उचलता येतील असे पापुद्रे दिसले, तर मात्र गाडी लांब पळवू नका. मेस्त्रीला तो कागदच दाखवा आणि ऑइल प्रेशर तपासून घ्या.

आणखी एक. घड्या जास्त म्हणजे फिल्टर चांगला, असं नुसत्या डोळ्याने ठरवू नका. किती बारीक कण अडतात, हे आयएसओ ४५४८ या मानकाप्रमाणे प्रयोगशाळेत मोजावं लागतं. पण कागद चिकटवलेल्या कडेला सुटलाय, नळी दबलीय किंवा तुमच्या गाडीच्या फिल्टरात असायला हवा तो व्हॉल्व्हच नाही, हे कुणालाही दिसतं. असा माल परत घेऊ नका आणि प्रत्येक फिल्टरचं पक्कं बिल मागा.

निथळलेलं ऑइल विहिरीच्या कडेला, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका, जनावरांच्या जखमेला तर लावूच नका. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये साठवा आणि गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे जाईल अशा गॅरेजला द्या.

कागदाचा एक तुकडा पिशवीत घालून वर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. एका फिल्टरवरून फारसं कळत नाही, पण पुढचा त्याच्याशेजारी ठेवला की झीज वाढतेय का, हे दिसतं. तेव्हाच हात घातला तर काम बेअरिंगवर भागतं. दुर्लक्ष केलं तर क्रँकपर्यंत जातं.