ती घरचीच ना!



पर्युषणात आमच्या महिला मंडळाने नाटिका बसवली. लिहिली एका सुनेने. मुलांचे डबे, सासऱ्यांची औषधे सांभाळून, रात्री अकरानंतर. प्रयोग रंगला. मग हिशेब माझ्याकडे आला, कारण मी बी.कॉम.! मंडप, माईक, दिवे, मेकअप, सगळ्यांची बिले होती. लेखिकेपुढे मात्र शून्य. निमंत्रणपत्रिकेवर देणगीदारांची नावे होती, तिचे नव्हते. मी विचारले तर उत्तर आले, "अहो काकी, ती घरचीच ना!"

हा "घरचीच" शब्द मला आता सोसवत नाही. स्वयंपाक फुकट, शिवण फुकट, आता नाटकही फुकट?

हे आपल्या मंडळापुरतेच नाही. हिराबाई पेडणेकरांनी 1904 साली 'जयद्रथ विडंबन' लिहिले. त्यांचे 'संगीत दामिनी' 1912 मध्ये ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले. पुढे त्या मुंबई सोडून कोकणात पालशेतला राहिल्या आणि 1951 साली वारल्या. नंतर त्यांच्या आयुष्यावर वसंत कानेटकरांनी 'कस्तुरीमृग' लिहिले. आज 'दामिनी' किती जणींनी पाहिले आहे? बाईची गोष्ट चालते, बाईने लिहिलेली गोष्ट कपाटात राहते!

खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड'ला गिरिजाबाई केळकरांनी 'पुरुषांचे बंड' लिहून उत्तर दिले. 1928 मध्ये त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. मान मिळाला, पण त्यांच्या मागून येणाऱ्या लेखिकांसाठी वाट रुंद झाली का?

कोणी म्हणेल, बायकांची नाटके चालत नाहीत. मग ज्योती म्हापसेकरांचे 'मुलगी झाली हो' आठवा. 1983 पासून स्त्री मुक्ती संघटनेच्या बायकांनी ते वस्त्यावस्त्यांत, गावोगावी नेले. इतर भाषांतही ते गेले. कारण त्याच्या मागे एक संस्था पाय रोवून उभी होती. जो माल दुकानात मांडलाच नाही, तो खपत नाही म्हणणे हा कुठला व्यापार?

नाटक म्हणजे फक्त लेखणी नव्हे. तालमीला जागा हवी, सभागृहाचे भाडे हवे, टेम्पो हवा. पुरुष मंडळींची तालीम रात्री बारापर्यंत चालते, कोणी काही बोलत नाही. आमच्या वसईच्या मुलीला मात्र तालीम संपवून विरार लोकल गाठायची असते, आणि घरी पोचल्यावर "एवढा उशीर?" ऐकायचे असते. बायकांची नाटक कंपनी गुणांअभावी बंद पडत नाही. ती भाड्याअभावी आणि घरच्या नाराजीमुळे बंद पडते.

आणि प्रेक्षक म्हणून आपण काय करतो? सून-मुलगी नाटकात असेल तर फुकट पास मागतो. लग्नात आहेराचे पाकीट देताना हात आखडत नाही, तिकिटाला मात्र आखडतो.

म्हणून माझे तीन आग्रह. मंडळाच्या अंदाजपत्रकात लेखिकेचे मानधन पहिल्या ओळीत लिहा, उरले तर देऊ असे नको. पत्रिकेवर तिचे नाव छापा. आणि वर्षातून एकदा तरी बोरिवलीच्या किंवा पार्ल्याच्या नाट्यगृहात बाईने लिहिलेले नाटक स्वतःच्या पैशाने, चार मैत्रिणींना घेऊन बघा.

आमच्या सुनेचे मानधन मी यंदा खर्चात धरायला लावले. आधी कुरकुर झाली, पण पैसे दिले गेले. पाकीट हातात घेतल्यावर ती म्हणाली, "काकी, पुढच्या वर्षीचं सुरू करू का?"

करच म्हटले!