हिरवे पान ही परागाची हमी नव्हे

संपादक महोदय,

‘तुरीची फूलगळ धुक्यानेच होते, झाड हिरवे असेल तर जमिनीत दोष नाही’ हे आपल्या पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच पटते. धुक्याने, ढगाळ हवेने फुले गळतात हे लातूर-नांदेडचा प्रत्येक शेतकरी जाणतो. पण हिरव्या पानावरून परागाची परीक्षा होत नाही. कुक्षीवर पडलेल्या परागकणातून नलिका फुटते, ती बीजांडापर्यंत पोचावी लागते. तिची वाढ फक्त टोकाला होते, कॅल्शियमच्या आधाराने. जमिनीतले कॅडमियम, शिसे असे धातू नेमके तिथेच आड येतात: नलिका आखूड राहते, वाकते, टोकाशी फुगते. तांबे झाडाला किंचित हवेच, पण जास्त झाले की तेही परागाला मारक. म्हणून भर फुलोऱ्यात ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारण्याआधी मी तरी दहादा विचार करीन.

परागाची तपासणी अवघड नाही. ब्रूबेकर आणि क्वॅक यांनी परागनलिका फुटण्यासाठी १९६३ मध्ये सुचवलेले द्रावण (१० टक्के साखर, थोडे बोरिक ॲसिड, कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅशियमचे क्षार) कोणत्याही महाविद्यालयात तयार होते. मग हवा एक सूक्ष्मदर्शक. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने गोदावरी-मांजरा काठच्या शेतांतले पराग असे तपासून घ्यावेत आणि त्याच शेतांच्या माती-पाण्यातले धातूही मोजावेत.

— वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका, लातूर