साथीतली क्रूझ आणि सॅनिटायझरची बाटली

निगडी-प्राधिकरणात टेल्को, बजाजमधून निवृत्त झालेल्या मंडळींच्या यादीत आता काशी-चारधामच्या जोडीला क्रूझही आली आहे. मुंबईला बसायचे, गोवा बघून यायचे. हौस जरूर करावी. पण कुठली साथ सुरू झाली की दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, बुकिंग झालंय. बरोबर काय नेऊ? सॅनिटायझर, व्हिटॅमिन सी, काढा?"

माझे उत्तर अनेकांना आवडत नाही. श्वासातून पसरणारी साथ जोरात असेल तर जाऊच नका. साठी ओलांडलेल्यांनी आणि मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी तर नाहीच नाही.

जहाजावर नेमके काय होते?

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज अडकले. जहाजावर ३,७११ माणसे होती. त्यातल्या ७१२ जणांना कोरोनाची लागण झाली. चाचणी पॉझिटिव्ह आली तेव्हा यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना काहीच लक्षणे नव्हती. म्हणजे खोकणाऱ्या माणसापासून लांब राहिलात तरी शेजारी हसत-बोलत जेवणाऱ्याकडून आजार येऊ शकतो.

"तेव्हा लस नव्हती," असे कोणी म्हणेल. मग जानेवारी २०२२ आठवा. लसीकरण होऊन बरेच महिने झाले होते. मुंबईहून गोव्याला गेलेल्या 'कॉर्डेलिया' क्रूझवर सुमारे दोन हजार माणसे होती. आधी एक कर्मचारी पॉझिटिव्ह निघाला. मग सगळ्यांची तपासणी झाली आणि ६६ जण बाधित आढळले. जहाज मुंबईला परत पाठवले गेले. लस गंभीर आजारापासून चांगले संरक्षण देते, पण संसर्ग पूर्णपणे थांबवत नाही. निगेटिव्ह रिपोर्टही फक्त नमुना घेतला त्या वेळेपुरता असतो. संसर्ग अगदी नवा असेल तर आज निगेटिव्ह असलेला माणूस परवा पॉझिटिव्ह येऊ शकतो.

आणि सॅनिटायझर? कोरोना, फ्लू हे मुख्यतः श्वासातून, बंद जागेतल्या हवेतून पसरतात. जहाजांवर वरचेवर उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस हातांवाटे पसरतो खरा, पण त्याच्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. तिथे साबण आणि पाणीच लागते. काढ्याने यातले काहीच थांबत नाही.

"मग घरातच कोंडून घ्यायचे का? भोसरीचे कारखाने, पीएमपीच्या बस चालूच असतात की!"

असतात. पण बसमध्ये अर्धा तास, तोही पोटासाठी. क्रूझवर दोन-तीन दिवस तीच माणसे, तेच जेवणघर, तेच नाचगाण्याचे हॉल. बसमध्ये कोणी खोकू लागले तर पुढच्या थांब्यावर उतरता येते. समुद्रात उतरायचे कुठे? श्वास लागला तर जहाजावरचा छोटा दवाखाना म्हणजे वायसीएमचा अतिदक्षता विभाग नव्हे.

खरा रोग अटींमध्ये आहे

'रद्द केल्यास पैसे परत नाहीत' या अटीवर सहल विकली की तापाचा माणूस काय करणार? निघताना पॅरासिटामॉल घेणार. गोळीने ताप उतरतो, विषाणू जात नाही. दारातली तापमापी बंदूक त्याला खुशाल आत सोडते. सगळा दोष त्या प्रवाशाला देऊन चालणार नाही. आजारी माणसाला खोटे बोलण्यात फायदा होईल, अशी व्यवस्था पैसे घेणाऱ्यांनीच केलेली असते.

त्याची किंमत भलताच कोणी मोजतो. 'डायमंड प्रिन्सेस'वर प्रवासी खोल्यांत बसले, तेव्हा त्यांची ताटे पोचवणारे कर्मचारी मात्र एकत्र जेवत होते, एका खोलीत झोपत होते. त्या जहाजावरच्या १३८ भारतीयांपैकी १३२ जण कर्मचारी होते. आणि मार्च २०२० मध्ये पुण्यात सापडलेले पहिले दोन रुग्ण आठवा. ते दुबईच्या सहलीहून आले होते. त्यांना मुंबईहून पुण्यात आणणाऱ्या टॅक्सीचालकालाही लागण झाली. सहल त्याने केलीच नव्हती.

तरीही जाणे भागच असेल तर

१. लसीचा डोस बाकी असेल तर तो निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्या.
२. बंद जागेत एन-९५ मास्क नाक झाकून घाला. कापडी रुमाल पुरत नाही.
३. जेवण, गप्पा उघड्या डेकवर. गर्दीचे हॉल टाळा.
४. नेहमीची औषधे दोन आठवडे पुरतील एवढी आणि सोबत प्रिस्क्रिप्शन ठेवा.
५. परतल्यावर पाच-सात दिवस घरातल्या वृद्धांपासून, तान्ह्या बाळांपासून दूर राहा. ताप, खोकला आला तर आधी चाचणी करा.

आणि पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारा. मला ताप आला तर पैसे परत किंवा तारीख बदलून मिळेल का? जहाजावर आजाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्या आणि डॉक्टर आहेत का? तुमच्या आजारी कर्मचाऱ्याला पगारी रजा मिळते का? जो याची लेखी उत्तरे देत नाही, त्याच्याकडे साथीच्या काळात बुकिंग करू नका.