मताचा हक्क नाही, हरकतीचा आहे!

जर्मनीत राहणाऱ्या मराठी बंधू-भगिनींनो,


उपनगरातल्या मुख्य रस्त्याचं काम निघणार असल्याची सूचना राटहाउसच्या फलकावर लागते, आम्ट्सब्लाटमध्ये छापून येते, आणि आपण पान उलटतो. "आपण इथले नागरिक नाही, आपल्याला कोण विचारतंय!" गणेशोत्सवाच्या मंडपात, कीटाच्या दारात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ते साफ चुकीचं आहे आणि आपल्याला महागात पडतं आहे, म्हणून हे पत्रक.

मतदानापुरतं ते खरं आहे. श्लेस्विग-होल्श्टाइन आणि हांबुर्ग या राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मताधिकार देऊ केला होता. ३१ ऑक्टोबर १९९० रोजी कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने तो रद्द ठरवला. पुढे युरोपीय संघाच्या नागरिकांना तो मिळाला, आपल्याला नाही. २०२४ पासून जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. त्यामुळे भारतीय पासपोर्ट सोडायला मन धजत नाही असे आपल्यातले पुष्कळ जण मतपेटीपासून दूरच राहणार.

पण रस्त्याच्या आराखड्यावर बोलायला मतपेटी लागतच नाही. मोठ्या कामाला प्लानफेस्टश्टेलुंगची, म्हणजे आराखडा मंजूर करण्याची, प्रक्रिया लागते. तीत नकाशे महिनाभर लोकांसमोर ठेवावे लागतात आणि तो महिना संपल्यावरही दोन आठवडे लेखी हरकत घेता येते. कोणाला? त्या कामाची झळ ज्याला बसते त्या प्रत्येकाला. भाडेकरूला, ब्लू कार्डवाल्याला, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर आलेल्यालाही. बाउगेझेट्सबुख या नगररचना कायद्याच्या तिसऱ्या कलमात तर मुलं आणि किशोरवयीनही जनतेत मोडतात, असं स्पष्ट लिहिलं आहे. घटनेच्या सतराव्या कलमाने दिलेला अर्ज-तक्रारीचा हक्क फक्त जर्मनांचा नाही, प्रत्येक माणसाचा आहे. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये २०१५ च्या सुधारणेपासून १६ वर्षांवरचा कोणताही रहिवासी गावाच्या परिषदेपुढे विषय आणण्यासाठी सह्यांच्या अर्जावर सही करू शकतो; पासपोर्ट कुठला, हा प्रश्न तिथे येत नाही.

आणि हरकत घेणं आपल्याला कोणी शिकवायला हवं का? पुण्याच्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर २०१३ साली सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या. सोसायट्यांच्या जिन्यात टेबलं टाकून लोकांनी अर्ज भरले. त्याच शहरातून आलेली माणसं इथे आली की मुकी का होतात?

इथल्या लोकांनाही हा हक्क आयता मिळालेला नाही. मुंबईचं १९६८ पासूनचं भगिनी-शहर असलेल्या श्टुटगार्टमध्ये ३० सप्टेंबर २०१० रोजी, रेल्वे स्थानकाच्या प्रकल्पाविरुद्ध श्लोसगार्टनमध्ये जमलेल्या लोकांवर पोलिसांनी पाण्याचे जोरदार फवारे मारले. कित्येक जण जखमी झाले. कागदोपत्री त्या प्रकल्पाची सगळी प्रक्रिया झाली होती. लोकांना मात्र सगळं ठरून गेल्यावर विचारलं गेलं, असं वाटत होतं. त्या धड्यानंतर २०१३ साली प्रशासकीय प्रक्रियेच्या कायद्यात नवी तरतूद आली: मोठ्या प्रकल्पात अर्ज दाखल होण्याआधीच लोकांना माहिती मिळावी आणि त्यांचं म्हणणं ऐकलं जावं, यासाठी अधिकाऱ्यांनी आग्रह धरावा. आग्रह धरावा, एवढंच. सक्ती नाही. म्हणूनच मागणी आपण करायची असते.

लोकांना आधी विचारलं तर काय होतं, ते ओस्नाब्रुकजवळच्या बोम्टे या गावात पाहा. गावाच्या मधून जाणाऱ्या रस्त्यावर रोज बारा हजारांहून अधिक वाहनं. गावकऱ्यांनी नियोजकांबरोबर बसून, डच वाहतूक अभियंता हान्स मोंडरमान यांच्या कल्पनेवर, २००८ मध्ये सिग्नल काढले, पाट्या काढल्या, फुटपाथ आणि रस्ता एका पातळीवर आणला. जगभरातून लोक बघायला आले. मला त्या प्रयोगातलं धाडस मोलाचं वाटतं. पण अशा रस्त्यांवर सगळा भरवसा नजरानजर होण्यावर असतो, आणि अंध व अल्पदृष्टी माणसांच्या संघटनांनी नेमकी त्यालाच हरकत घेतली. ज्याला दिसत नाही त्याने कोणाच्या डोळ्यांत पाहायचं? पांढऱ्या काठीला कडेचा दगड लागतो, तोच काढून टाकला तर चालायचं कशाच्या आधाराने? बैठकीला कोण येतं यावर रस्ता कोणाचा होतो हे ठरतं. आपण जात नाही, म्हणून आपल्या आई-वडिलांचा विचार होत नाही.

हे अगदी सेकंदांत मोजून दाखवता येतं. पादचारी ओलांडताना सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, असं धरून इथला सिग्नल बसवला जातो. चौदा मीटरचा रस्ता म्हणजे सुमारे बारा सेकंद. हिरवा दिवा निदान अर्धा रस्ता पार होईपर्यंत राहिला की पुरे. उरलेला रस्ता लाल दिवा लागल्यावर राखून ठेवलेल्या वेळात ओलांडायचा असतो. हे इथे वाढलेल्या माणसाला ठाऊक असतं. आता उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी आलेली, गुडघे धरलेली आई डोळ्यांसमोर आणा. ती सेकंदाला ०.८ मीटर चालते. तिला साडेसतरा सेकंद लागतात. मध्येच लाल दिवा लागतो, ती घाबरते, थांबते आणि मागे वळते. तिथून पुढचं प्रत्येक पाऊल धोक्याचं. यावर उपाय महाग नाही. सिग्नलचं गणित हळू चालणाऱ्या माणसावर बेतायचं आणि रस्त्याच्या मधोमध अडीच मीटर रुंदीचं थांबायचं बेट ठेवायचं, म्हणजे बाबागाडी ढकलणारं माणूस गाडीसकट त्यावर मावतं. नकाशात हे बेट आहे की नाही, एवढं जरी तुम्ही बोट ठेवून पाहिलंत तरी अर्धं काम झालं.

वेगाचंही तसंच. भारतीय लायसन्स इथे नुसतं बदलून मिळत नाही, म्हणून आपल्यातल्या प्रत्येक चालकाने फारशूलेत घोकलं आहे: ताशी ३० च्या वेगाला थांबायला १८ मीटर, ५० ला ४० मीटर. ही पाठ केलेली सूत्रं परीक्षेनंतर विसरून कशी चालतील? ११ ऑक्टोबर २०२४ पासून वाहतूक नियम बदलले आहेत. खेळाची मैदानं, झेब्रा क्रॉसिंग आणि मुलांची वर्दळ असलेले शाळेचे रस्ते इथे टेम्पो ३० लावणं नगरपालिकांना आता पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. आधीच असलेल्या दोन टेम्पो ३० पट्ट्यांमधलं अंतर ५०० मीटरपर्यंत असेल तर तेही जोडून घेता येतं. आधी ही मर्यादा ३०० मीटर होती. "कायद्यात बसत नाही" हे उत्तर मिळालं तर या बदलाचा तारखेसह उल्लेख करा.

नियोजन कार्यालयांनाही सांगणं आहे. कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, कीटातून मुलं आणून जेवण करायच्या वेळी, फक्त सरकारी जर्मनमध्ये घेतलेली सभा ही सगळ्या वस्तीची सभा होत नाही. तिथे पार्किंगच्या जागा मोजणारे आवाज चढतात, आणि शाळेत चालत जाणाऱ्या मुलीचा आवाज सभागृहात पोचतही नाही. सकाळी पावणेआठला, शाळेच्या गर्दीत, त्याच रस्त्यावर लोकांना घेऊन चाला. नकाशा पक्का होण्याआधी चाला. आलेल्या प्रत्येक सूचनेचं काय केलं आणि का केलं, ते लिहून जाहीर करा.

आता आपलं काम. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते आधी विचारून घ्या: ८० हजारांहून अधिक वस्तीच्या शहरात, वस्तीतून जाणाऱ्या बुंडेसश्ट्रासेची, म्हणजे संघीय महामार्गाची, जबाबदारी शहराकडेच असते, लहान गावात तसं नसतं. हे न विचारता दिलेला अर्ज भलत्याच टेबलावर पडून राहतो. नुसते पट्टे बदलायचे असतील तर नकाशे मांडून ठेवण्याची सक्तीही नसते. अशा वेळी परिषदेच्या बैठकीत रहिवाशांसाठी प्रश्नोत्तरांची वेळ ठेवलेली असेल तर ती गाठा. हरकत लेखी द्या, नाव-पत्ता आणि सही घाला, एका कागदावर एकच रस्ता आणि एकच मागणी ठेवा. "सुरक्षितता हवी" असं मोघम लिहू नका. कोणत्या चौकात, कोणत्या बाजूला, किती मीटर, किती सेकंद, ते लिहा. जर्मन कच्चं असेल तर शेजारच्या जर्मन आजींना वाचून दाखवा. त्यांनाही तोच रस्ता ओलांडायचा असतो, त्यांचीही सही घ्या. मुदतीची शेवटची तारीख आजच फ्रिजवर लावा. ती उलटली की खरी हरकतही विचारात न घेण्याची मुभा कार्यालयाला मिळते.